प्रागचा पेत्र आणि कोकणातील यहुदी मुले

मनुष्याला जी जी सुखे लाभतात त्यांपैकी बाळपणाचे सुख असे आहे की, ते भोगीत असता त्याची किंमत कळत नाही, आणि किंमत कळू लागते तेव्हा ते हातचे निघून गेलेले असते. शाळेची घंटा, खेळाचे मैदान, मित्राशी आज झालेले भांडण व उद्या होणारा समेट, आईने बांधून दिलेली शिदोरी, या सर्व गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांना सूर्योदयासारख्या आपोआप घडणाऱ्या वाटतात. परंतु त्या आपोआप घडत नाहीत. कोणीतरी त्या राखलेल्या असतात; आणि राखणाऱ्यांनी हात काढून घेतला तर त्या किती थोडक्या काळात नाहीशा होतात, याचा दाखला विसाव्या शतकाच्या इतिहासात आहे. तो युरोपातील यहुदी मुलांचा होय. त्याच काळी आपल्या महाराष्ट्रातही यहुदी मुले वाढत होती. दोघांचा धर्म एक, शास्त्र एक, विसाव्याचा वारही एकच. तरी दोघांच्या वाट्यास आलेली बाळपणे मात्र अगदी निराळी होती. असे का झाले, याचा विचार विद्यार्थी व पालक यांच्यासमवेत या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या घरच्या मुलांकडे पाहू. कोकणात अलिबागेजवळ समुद्रकाठी नवगाव नावाचे गाव आहे. तेथे फार प्राचीन काळी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली, व त्यांच्यापासून आपला विस्तार झाला, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरागत समजूत आहे. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाची लेकरे. या लोकांनी तेलाचा घाणा चालविण्याचा धंदा पत्करला. शास्त्राज्ञेप्रमाणे शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणू लागले. आडनावे त्यांनी आपापल्या गावांवरून घेतली. पेणकर, दिवेकर, रेवदंडकर ही नावे ऐकून कोणास परकेपणा वाटणार? सणांची नावेसुद्धा त्यांनी मराठीच ठेविली: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. यांपैकी शेवटचा सण म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताचा उपवास होय. त्या दिवशी दारे लावून घेऊन घरातील सर्व मंडळी प्रार्थनेत वेळ घालवीत, म्हणून त्यास हे नाव पडले.

पुढे यांतील पुष्कळ कुटुंबे मुंबईस गेली. तेथे १७९६ साली त्यांचे पहिले सभास्थान उभे राहिले. रेवदंड्यास १८४२ साली व अलिबागेस १८४८ साली अशीच सभास्थाने झाली. शिक्षणाच्या कामी या समाजास मिशनऱ्यांचे साह्य झाले, हे येथे नमूद करणे योग्य होईल. अमेरिकन मिशनच्या कोकणातील शाळांत बेने इस्राएल मुले शिकली, आणि डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून छापून प्रसिद्ध केले. परंतु समाज केवळ दुसऱ्याच्या साह्यावर विसंबून राहिला नाही. हाईम शमुवेल केहीमकर प्रभृतींच्या खटपटीने १८७५ साली मुंबईत इस्राएली मुलांसाठी स्वतंत्र शाळा निघाली. हीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपास आली.

आता १९४२ साल डोळ्यांपुढे आणा. मुंबईतील एखादा बेने इस्राएल मुलगा त्या वर्षी काय करीत असेल? शहरावर युद्धाची छाया होती. रात्री दिवे झाकावे लागत, धान्य महाग होत चालले होते. ऑगस्ट महिन्यात गवालिया टँकच्या मैदानावरून 'छोडो भारत'ची घोषणा झाली व शहरात धामधूम उडाली. या अडचणी त्या मुलालाही सोसाव्या लागल्या. पण त्या त्याच्या एकट्याच्या नव्हत्या. शेजारच्या हिंदूच्या, मुसलमानाच्या, ख्रिस्ती माणसाच्या घरी जो अंधार होता तोच त्याच्या घरी होता. तू यहुदी आहेस म्हणून या बाकावर बसू नकोस, असे त्यास सांगणारा कायदा या देशात नव्हता. शनिवारी तो सभास्थानात जाई, सोमवारी शाळेत जाई, आणि त्याचे बाळपण त्याच्यापाशी शाबूत होते.

याच वेळी येथून हजारो मैलांवर, झेक लोकांच्या प्राग या राजधानीत, पेत्र गिंझ नावाचा एक मुलगा राहत होता. पेत्र हे नाव आपल्या मराठी शास्त्रामुळे आपणांस परिचयाचे आहेच. त्याचा जन्म १ फेब्रुवारी १९२८ रोजी झाला. पिता यहुदी, माता ख्रिस्ती. सर्व राष्ट्रांच्या लोकांनी बंधुभावाने एकमेकांशी बोलावे या हेतूने निर्माण केलेली जी एस्परांतो भाषा, तिचे हे आईबाप भोक्ते होते, व पेत्राने त्या भाषेचा एक शब्दकोशही रचावयास घेतला होता. हा मुलगा मोठा वाचक, चित्रे काढणारा आणि साहसकथा लिहिणारा होता. त्याला आयुष्यात जे करावयाचे होते ते आमच्या शाळेतील कोणत्याही हुशार मुलास करावेसे वाटेल, असेच होते.

परंतु जर्मनीत जानेवारी १९३३ मध्ये हिटलरच्या हाती सत्ता आली होती, १९३५ साली न्युरेंबर्ग येथे यहुद्यांचे नागरिकत्व काढून घेणारे कायदे झाले होते, आणि १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. यानंतर जे घडले ते आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक वाचावे अशी आमची इच्छा आहे. कारण पुष्कळांची अशी समजूत असते की, ही आपत्ती धरणीकंपासारखी एका रात्रीत कोसळली. वस्तुस्थिती तशी नाही. ती पायरीपायरीने आली, आणि पहिल्या पायऱ्या अगदी लहान होत्या.

यहुद्यांच्या घरांतील रेडिओ काढून घेण्यात आले. सार्वजनिक बागांत त्यांनी बसावयाचे नाही, असे ठरले. चित्रपटगृहे बंद झाली. रात्री आठानंतर घराबाहेर पडण्याची मनाई झाली. ट्रामगाडीत चढावयाचे तर शेवटच्या डब्यात चढावे, असा हुकूम निघाला; मग काही काळाने ट्रामच बंद झाली. १९४० साली यहुदी मुलांस सरकारी शाळांची दारे बंद झाली, आणि १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांची स्वतःची शाळाही बंद करण्यात आली. सायकली गेल्या, वाद्ये गेली. सप्टेंबर १९४१ पासून प्रत्येक यहुद्याने अंगरख्यावर पिवळा तारा शिवलाच पाहिजे, असे फर्मान सुटले. पेत्र त्या वेळी रोजनिशी लिहीत असे. ताऱ्याचा हुकूम लागू झाला त्या दिवशी शाळेच्या वाटेवर आपण तारा लावलेली एकोणसत्तर माणसे मोजली, असे त्याने तीत नमूद केले आहे. तेरा वर्षांच्या त्या मुलाने या अपमानाचीही थट्टाच केली, आणि त्या माणसांना अमेरिकन गोष्टींतल्या बिल्लेवाल्या अंमलदारांचे नाव दिले. मुलांचा स्वभाव कसा असतो पाहा! मोठी माणसे रडत होती, आणि मूल मोजदाद करीत होते.

कोकणातील यहुदी वर्षातून एक दिवस आपले दार आपल्या हाताने लावून घेत असे. प्रागच्या यहुद्यांच्या तोंडावर दररोज एक नवे दार दुसऱ्या कोणाच्या हाताने लावले जात होते. हाच काय तो या दोन बाळपणांतील फरक.

पेत्राची माता ख्रिस्ती असल्यामुळे कायद्याने त्याला थोडी सवलत मिळाली होती. ती अशी की, अशा मुलांस चौदा वर्षे पुरी होईपर्यंत घरी राहू देत. म्हणजे आमची मुले ज्या वाढदिवसाची वाट पाहतात, त्या वाढदिवसाची या मायबापांना धास्ती वाटत असली पाहिजे. ऑक्टोबर १९४२ मध्ये चौदा वर्षांच्या पेत्राला एकट्याला घरातून नेण्यात आले आणि तेरेझिन या तटबंदीच्या गावी कोंडण्यात आले. तेथे यहुद्यांना हजारोंच्या संख्येने दाटीवाटीने ठेवीत, व तेथून पूर्वेकडील मृत्युछावण्यांकडे त्यांची रवानगी करीत.

तेरेझिन येथे मुलांना शिकविण्याची बंदी होती. तरी तेथील यहुदी शिक्षकांनी चोरून शिकविले. ज्या शिक्षकाच्या देखरेखीखाली पेत्र राहत असे त्याचे नाव वाल्टर आयसिंगर. एका जुन्या शाळेच्या इमारतीत, पहिल्या क्रमांकाच्या खोलीत, ही मुले राहत. त्यांनी आपल्या खोलीस लोकराज्य मानून तिचे स्वतंत्र नाव ठेविले, आणि डिसेंबर १९४२ पासून एक साप्ताहिक काढले. त्याचे नाव 'वेदेम'. अर्थ असा की, आम्ही आघाडीवर आहो. संपादक पेत्र गिंझ. छापखाना कोठून असणार? आरंभी काही अंक टंकयंत्रावर निघाले. त्याची शाईची फीत संपल्यावर सारा मजकूर हातांनी लिहीत. प्रत्येक अंकाची प्रत एकच. शुक्रवारी संध्याकाळी सर्व मुले एकत्र जमत, आणि ज्याने जे लिहिले असेल ते तो वाचून दाखवी. कविता, निबंध, विनोद, गावात हिंडून आणलेली माहिती, पुस्तकांवरील अभिप्राय, असे सर्व प्रकार त्यात असत. हे वार्षिक ज्यांच्या हाती आहे त्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगतो की, आपल्या वार्षिकासाठी लेख मागितला असता वेळ नाही म्हणून जे सबब सांगतात, त्यांनी या साप्ताहिकाची आठवण ठेवावी.

२८ सप्टेंबर १९४४ रोजी पेत्राला आउश्वित्झ येथील मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत बसविण्यात आले. तेथे त्याला ठार करण्यात आले. त्या वेळी तो सोळा वर्षांचा होता. त्याचे शिक्षक आयसिंगर हेही युद्धाच्या अखेरीस जिवंत राहिले नाहीत. त्या खोलीत वेळोवेळी राहून गेलेल्या सुमारे शंभर मुलांपैकी पंधराच्या आसपास वाचली. मागे राहिलेल्या एका मुलाने 'वेदेम'ची पाने लपवून ठेविली, म्हणून त्यांतील सुमारे आठशे पाने आज जगाला उपलब्ध आहेत. त्या काळात नाझी राजवटीने सुमारे साठ लक्ष यहुद्यांचा संहार केला, आणि त्यांत सुमारे पंधरा लक्ष मुले होती. पंधरा लक्ष हा आकडा मनात सामावत नाही. म्हणूनच आम्ही एका मुलाचे नाव घेऊन ही हकीकत सांगितली.

पेत्राने काढलेले एक पेन्सिलीचे चित्र त्याच्या मागे राहिले. चंद्रावरील डोंगरांतून पाहिले असता पृथ्वी कशी दिसेल, हे त्यात दाखविले आहे. ज्या मुलाला ट्रामगाडीत चढण्याची बंदी होती तो मनाने चंद्रावर जाऊन उभा राहिला होता! इस्राएलचे अंतराळवीर इलान रॅमोन, ज्यांची माता आउश्वित्झमधून वाचली होती, यांनी या चित्राची प्रत 'कोलंबिया' यानातून आपल्याबरोबर नेली. हे यान परत येताना १ फेब्रुवारी २००३ रोजी भंग पावले. त्यातच आपल्या कर्नालच्या कल्पना चावला यांचाही अंत झाला. तो दिवस पेत्राच्या जन्मास पंचाहत्तर वर्षे पुरी होण्याचा होता. त्या दुर्घटनेच्या वार्तेमुळे पेत्राचे नाव प्रागमध्ये पुन्हा निघाले, आणि तेथील एका घराच्या माळ्यावर पडलेली त्याची रोजनिशी उजेडात आली.

आता कोणी विचारील की, त्या मुलांना पळून आपल्या देशात येता आले नसते काय? थोडे लोक आले. १९३४ साली मुंबईत यहुदी निर्वासितांच्या साह्यासाठी एक मंडळ स्थापन झाले होते. त्याच वर्षी वॉल्टर कॉफमन नावाचे झेक प्रदेशातील यहुदी संगीतज्ञ मुंबईस आले. आकाशवाणीची जी सूचक धून आपल्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली, ती त्यांचीच रचना मानली जाते. परंतु येथे येण्याची परवानगी सहज मिळत नसे. निर्वासिताचा भार सरकारवर पडणार नाही, अशी हमी द्यावी लागे. आणि १९३९ साली युद्ध सुरू होताच जर्मन नागरिक म्हणून ज्यांना धरण्यात आले, त्यांत कित्येक यहुदीही सापडले. तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत छळणारे व छळलेले एकाच कुंपणाआड आले. मोठ्या संख्येने आश्रय मिळाला तो पोलंडच्या निर्वासितांना. हे बहुतेक कॅथोलिक होते, व त्यांचा छळ रशियन सत्तेने केला होता. १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे, मुख्यतः स्त्रिया व मुले, राहिली. त्यांच्यासाठी शाळा, दवाखाना व प्रार्थनामंदिर यांची सोय होती. सैबेरियाच्या थंडीत व उपासमारीत ज्यांचे बाळपण हरवले होते, त्यांना ते पंचगंगेच्या खोऱ्यात पुन्हा सापडले. यावरून असे दिसते की, हरवलेले बाळपण परत देता येते. पण त्यासाठी कोणीतरी दार उघडावे लागते.

मग कोकणातील मुलगा वाचला व प्रागचा मुलगा मारला गेला, याचे कारण काय? कोकणातील मुलगा अधिक गुणी होता असे नाही. प्रागच्या मुलाने काही अपराध केला होता असेही नाही. फरक त्यांच्यात नव्हताच. तो त्यांच्या भोवतालच्या माणसांत व त्या माणसांनी मान्य केलेल्या कायद्यांत होता. येथे एक गोष्ट आम्ही ख्रिस्ती म्हणून मान खाली घालून सांगतो. ज्या राष्ट्रांत हा संहार झाला ती राष्ट्रे बाप्तिस्मा घेतलेली होती, आणि शेजाऱ्यावर आपणासारखी प्रीती कर ही आज्ञा तेथील प्रत्येक मंदिरात वाचली जात होती. काहींनी ती पाळलीही. आपला जीव धोक्यात घालून यहुदी मुलांना घरांत, मठांत व शेतांवर लपविणारे लोक त्या देशांत निघाले. परंतु बहुसंख्य गप्प राहिले.

आणि आपण भारतीयांनीही फुशारकी मारण्याचे कारण नाही. ज्या महाराष्ट्रात यहुदी मुलगा निर्धास्तपणे शाळेत बसत होता, त्याच महाराष्ट्रात आपल्याच रक्तामांसाच्या मुलांना वर्गात वेगळे बसविले जात होते. भीमराव आंबेडकर बाळपणी शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर निराळे बसत, आणि शिपाई हजर नसला तर त्यांना पाण्यावाचून राहावे लागे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. वेगळे गोणपाट आणि ट्रामचा वेगळा डबा, या गोष्टी दोन निराळ्या इतिहासांतल्या आहेत व त्यांचे शेवटही निराळे झाले, हे खरे. पण त्यांच्या मुळाशी असलेला विचार एकच आहे. तो असा की, हे मूल प्रथम मूल नसून प्रथम अमक्या जातीचे आहे. हा विचार एकदा मान्य झाला म्हणजे पुढची पायरी केवढी असेल, हे कोणाच्याच हाती राहत नाही.

आजच्या मुलाची स्थिती पुष्कळ निराळी आहे. १९५० साली अंमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि धर्म, जात वा जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई केली. १९८९ साली जगातील राष्ट्रांनी बालकांच्या हक्कांचा करार केला, व १९९२ साली आपल्या देशाने तो स्वीकारला. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. ज्या चौदाव्या वर्षापर्यंत पेत्राला घरी राहण्याची केवळ सवलत होती, त्याच वर्षापर्यंत आमच्या मुलाला शिकण्याचा हक्क आहे. आमच्या केळापूर तालुक्यातही सर्व मुलांचे दिवस सुखाचे आहेत, असे आम्ही म्हणत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेतील काही बाके रिकामी दिसतात, आणि पीक बुडाले म्हणजे त्याची झळ मुलाच्या वहीपर्यंत पोचते. तरीही शाळेचे दार लावून घेणारा कायदा आज नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु कायदा वर्गाच्या दारापर्यंत येतो. आत काय चालते ते आपल्या हाती असते. आमच्या तालुक्यात घरी कोलामी, गोंडी, गोरमाटी, तेलुगू किंवा उर्दू बोलणारी मुले आहेत. एखाद्याच्या बोलीला हसणे, त्याच्या डब्याकडे पाहून नाक मुरडणे, खेळाच्या वेळी त्याला शेवटी निवडणे, आडनाव ऐकून जागा बदलणे, या गोष्टी क्षुल्लक वाटतात. प्रागमध्ये शेवटचा डबाही कित्येकांना क्षुल्लकच वाटला असेल. म्हणून विद्यार्थ्यांनो, अशा वेळी तुम्ही काय करता याला महत्त्व आहे. त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसा. तेवढ्यास ना पैसा लागतो, ना मोठे शौर्य. पण ज्या दिवशी वर्गातील कोणीच तसे करीत नाही, त्या दिवशी पहिली पायरी ओलांडलेली असते. आणि पालकहो, मुले हे धडे शाळेत येण्यापूर्वीच आपल्या घरी शिकून येतात. जेवावयास बसल्यावर शेजाऱ्याविषयी आपण काय बोलतो, इकडे आपले लक्ष असावे.

बेने इस्राएलांपैकी पुष्कळ लोक १९४८ नंतर इस्राएल देशी जाऊन राहिले. ते येथून हाकलले गेले नाहीत; आपल्या खुशीने गेले, आणि जाताना मराठी भाषा बरोबर घेऊन गेले. तेथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. येथे राहिलेल्यांस २०१६ साली महाराष्ट्र शासनाने अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. ज्यांना कोणी घालविले नाही ते दूर गेल्यावरही आपली भाषा बोलतात. आणि जो प्रागचा मुलगा आपल्या गावावर तितकेच प्रेम करीत होता, त्याच्या मागे आठशे पाने, एक रोजनिशी व एक चित्र एवढेच उरले. आमच्या विद्यार्थ्यांना मिळालेले बाळपण ही इतरांनी राखलेली ठेव आहे. ती त्यांनी आनंदाने भोगावी, आणि शेजारच्या मुलाची ठेवही आपल्याच स्वाधीन आहे असे समजून ती जपावी, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.